देवडीवरचे रघुनाथराव

रघुनाथरावांच्या दाराची कडी वाजवली की दार रघुनाथरावच उघडत. "कोण आलंय म्हणून सांगू?" असं विचारत. तुम्ही नाव सांगितलंत की "बसा, वर्दी देतो," म्हणून तुम्हाला बाकावर बसवत आणि आत जात. त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दुसरा पुरुष नव्हता. म्हणजे वर्दी द्यायची ती स्वतःलाच! पाचेक मिनिटांनी तेच रघुनाथराव टोपी घालून बाहेर येत आणि तुम्हाला आत्ताच पाहिल्यासारखं म्हणत, "अरे वा, तुम्ही होय! फार वेळ बसावं लागलं नाही ना?"

मी पहिल्यांदा गेलो तो चुकून आमच्याकडे आलेलं त्यांचं पोस्टकार्ड द्यायला. मी जात्याच उतावळा. दापोडीच्या कारखान्यात नकाशे काढायची माझी नोकरी. चिंचवडहून तिथवर सायकल अशी हाणतो की कुत्रीही पाठलाग सोडून देतात. कार्ड बाकावर ठेवून मी सटकणार, तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "अहो, कोण आलंय?" त्यावर रघुनाथराव म्हणाले, "आहेत एक. आत्ताच बसलेत. इतक्यात उठवलं तर त्यांचाच मान जाईल."

माझा मान राखायला मी आणखी चार मिनिटं बसलो.

हे सगळं आलं होतं त्यांच्या नोकरीतून. दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानात रघुनाथराव बावीस वर्षं राजवाड्याच्या देवडीवर कारकून होते. राजेसाहेबांना भेटायला येणाऱ्यांना दाराशी बसवून ठेवायचं, एवढंच काम. ही नोकरी त्यांनी मागितलीही नव्हती. वडील देवडीवर होते. ते गेले, दिवस झाले, आणि दुसऱ्या दिवशी रघुनाथराव त्यांच्या जागेवर जाऊन बसले.

"थांबवणं म्हणजे खायचं काम नाही," ते मला सांगत. "'नाही' कुणीही म्हणेल. 'बसा' म्हणायला अक्कल लागते." म्हाताऱ्या माणसाला भिंतीला टेकता येईल असं बसवायचं. तक्रार घेऊन आलेल्याला आधी पाणी द्यायचं. गूळ दिला तर निम्मी तक्रार तिथेच विरघळते. आणि राजेसाहेबांची स्तुती करायला आलेल्या कवीला उन्हाकडच्या बाकावर बसवायचं, म्हणजे कविता आपोआप आखूड होते.

मग संस्थानं विलीन झाली. देवडीला कुलूप लागलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी रघुनाथराव चुलतभावाच्या दोन रिकाम्या खोल्यांत चिंचवडला येऊन राहिले. दोन वर्षं झाली तरी नोकरी नाही. त्यातच चुलतभावानं कळवलं की मुलाचं लग्न ठरलंय, दिवाळीनंतर खोल्या लागतील. तोवर नोकरी लागली नाही तर काकूंनी माहेरी रत्नागिरीला जायचं आणि रघुनाथरावांनी एखाद्या मठात पथारी टाकायची, असं ठरलं होतं. काकूंनी हे आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं आणि पदर डोळ्यांना लावला. पंचवीस वर्षांचा संसार असा दोन गावी जायचा म्हणजे काय! मला राहवलं नाही. मी अर्ज लिहायला बसलो.

"अनुभव काय लिहू?" मी विचारलं.

"थांबवणे."

"अहो, असं कसं लिहायचं?"

"मग लिहा, बावीस वर्षांत देवडीवर एकदाही हाणामारी झाली नाही."

तेव्हा पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहत होते. मी अर्ज लिहीत होतो, रघुनाथराव मुलाखतींना जात होते. पहिल्याच मुलाखतीहून ते तासाभरात परत आले, तोंड वाकडं करून.

"काय झालं?"

"दहाला बोलावलं होतं. दहाला आत घेतलं!"

"मग चांगलंच की!"

"चांगलं? ज्या साहेबाकडे दाराशी दोन माणसं बसलेली नसतात, त्याचा कारखाना किती दिवस चालणार? मी त्यांना तसं सांगून आलो."

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या ठिकाणी साहेबानं विचारलं, "टायपिंग येतं?" तर हे म्हणाले, "नाही, पण टाइप करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवू शकेन." यानंतर मात्र ते रोज दिवेलागणीला परतू लागले आणि खुशीत सांगू लागले, "आज चार तास बसवलं! काय दबदबा आहे राव त्या कंपनीचा!" काकूंनाही धीर यायचा. बसवून घेतलंय म्हणजे काहीतरी होईल.

दसरा झाला. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना होत होता, तिथे माणसं घेणार अशी आवई उठली. मी रजा टाकून रघुनाथरावांबरोबर गेलो. फाटकापाशी ही गर्दी! खेडची, मावळातली, साताऱ्याकडची, पार मराठवाड्यातली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून चढत होती. दरवान काठी आपटत होता. कुणाचं तरी पागोटं सुटलं होतं, कुणाची आई काढली जात होती. आता डोकी फुटणार असं मला वाटलं.

रघुनाथरावांनी टोपी नीट केली, फाटकाला पाठ लावून उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "बसा."

काय होतं त्या आवाजात कोण जाणे. पुढचे चारजण बसले. त्यांच्यामागचे बसले. एक पैलवान गडी मात्र उभाच राहिला. "तुमी कोन सांगनार? मी काय बसाया न्हाई आलो, कामाला आलोय!"

"व्हय की," रघुनाथराव त्याच्याच सुरात म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला काम देतो. विहिरीवरनं पाणी आणा. म्हाताऱ्यांना आधी."

गडी बादली घेऊन गेला. तासाभरात सगळा माळ बाभळींच्या सावलीत गावागावानं ओळीत बसला होता. इतकी शांतता झाली, की माणसं कंटाळून गेली की काय, म्हणून मॅनेजर स्वतः बाहेर आले. त्यांनी ओळी पाहिल्या, रघुनाथरावांना आत बोलावलं आणि फाटकावरचा कारकून म्हणून जागच्या जागी नेमून टाकलं. कारखान्याच्या मागच्या चाळीत एक खोलीही मिळाली. रत्नागिरीला जाणं टळलं. काकूंनी आमच्याकडे पेढे आणले. मी लागोपाठ दोन खाल्ले.

पुढे उन्हाळ्यात एके दुपारी मी त्या फाटकावरून जात होतो. 'जागा नाहीत' अशी पाटी लागून महिना झाला होता. तरी सावलीतल्या बाकावर बीडकडचा एक माणूस बसलेला, चाळिशी उलटलेला, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

"सकाळपासून बसवलंय जी," तो मला म्हणाला. "काम भेटंल का?"

माझं डोकं फिरलं. मी तडक फाटकाशेजारच्या रघुनाथरावांच्या खोपटात शिरलो. "जागा नाही तर सांगून का टाकत नाही? गरिबाला कशाला खेळवता?"

रघुनाथराव रागावले नाहीत. "सांगणार आहे," ते म्हणाले. "रोजच सांगतो. पण नऊ वाजता सांगत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी नोकरीसाठी हिंडायचो तेव्हा मला नऊलाच सांगायचे. बसवून कुणीच घेतलं नाही हो. हिनं डबा दिलेला असायचा. भरला डबा घेऊन नऊला घरी कसं जायचं? पवनेच्या घाटावर दिवस काढायचो. पण एकट्यानं घास उतरत नसे. माशांना घालायचो आणि संध्याकाळी हिला सांगायचो, चार तास बसवलं म्हणून."

एवढी सायकल हाणणारा मी, खिळल्यासारखा उभा राहिलो.

बाराचा भोंगा झाला. रघुनाथरावांनी आपला डबा घेतला, बाहेर जाऊन त्या माणसाशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "सोडा फडकं. आधी जेवून घेऊ, पाहुणे. मग तुम्हाला एक सांगायचंय."