एका मशीनवर दोन कंबरा

"ज्याची कंबर मोकळी होते ना सुलभा, त्याचं तोंडही मोकळं होतं! आज व्याह्यांच्या तोंडून 'हो' काढलं नाही, तर नावाचा मधुकर नाही!"

मधुकरराव हे बोलले स्वयंपाकघरात, ऐकलं अर्ध्या इतवारा मोहल्ल्यानं. तीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेला माणूस! त्यांची कुजबुज म्हणजे दुसऱ्याची आरोळी.

"तुम्ही काही बोलू नका," सुलभाबाई कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. "गिरधरभाऊ येतील, जेवतील, जातील."

"का बोलू नको? मुलगी माझी आहे!"

"म्हणूनच."

आता मुलीचं सांगायला हवं. निशा, जवळच्याच निंबोला गावी दिलेली. लग्नाला दीड वर्ष. तिला इथल्याच, बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेचं नेमणूकपत्र आलं होतं, गणिताची शिक्षिका म्हणून. पत्र मधुकररावांनी स्वतः वाचलं होतं, मोठ्यानं, दोनदा. सोमवारपर्यंत रुजू व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आज शनिवार! आणि सासरे गिरधरभाऊ, केळीचे बागाईतदार, तीन वेळा फोन केला तर तिन्ही वेळा म्हणाले, "पाहू."

पाहू! मुलीनं दोन वर्षं पुस्तकांत डोकं घातलं, ते काय 'पाहू' ऐकायला? बरं, निशाला विचारावं, तर ती म्हणते, "पप्पा, आप टेन्शन मत लो, मी बघते." ही बघणार, ते पाहणार. मग बोलणार कोण? मधुकररावांच्या मते त्या अख्ख्या गोष्टीत बोलणारा माणूस एकच उरला होता.

आणि आज सकाळी गिरधरभाऊंचा आपणहून फोन आला. "शहरात काम आहे. दुपारी येतो. कंबर लई धरली आहे, घडीभर टेकतो तुमच्याकडं."

कंबर!

मधुकररावांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

मशीनविषयी

मुलानं इंदूरहून पाठवलेलं. साबणाच्या वडीएवढं. त्यातून दोन वायरी निघतात. प्रत्येक वायरीला दोन चिकट चकत्या, म्हणजे एकूण चार. चकत्या कंबरेला लावायच्या, काटा फिरवायचा. आतून मुंग्या आल्यासारखी वीज खेळते आणि दुखणं मागं सरकतं. डावा काटा डाव्या वायरीचा, उजवा उजव्या वायरीचा. शून्य ते आठ.

सोबत हिंदी माहितीपुस्तिका. मधुकररावांनी ती वाचली होती आणि समासात पेन्सिलीनं शेरेही मारले होते.

*तेल लावलेल्या त्वचेवर लावू नये.*
(मग तेल कधी लावायचं? कळवलेले नाही.)

*चौथ्या आकड्याच्या वर सावकाश जावे.*
(ठीक.)

*एका वेळी एकाच व्यक्तीने वापरावे.*
(कारण दिलेले नाही!)

या तिसऱ्या सूचनेचा त्यांना खराच राग आला होता. दोन वायरी द्यायच्या, दोन काटे द्यायचे आणि वापरायचं एकानं? त्यांच्या कारखान्यात एका मोटारीवर पट्टा टाकून त्यांनी दोन माग चालवले होते, अकरा वर्षं! एक कारीगर चार माग सांभाळतो. आणि हे कंपनीवाले म्हणतात, एका मशीनवर एक कंबर. ज्यानं हे लिहिलं त्यानं कधी माग पाहिला नसणार, असं ठरवून त्यांनी पुस्तिका कपाटावर भिरकावली.

भाषण, मसुदा तिसरा

व्याहीबुवा, मुलगी शिकली तर दोन घरं शिकतात. (थांबणे.) आम्ही मुलगी दिली, तिची अक्कल काही माहेरी ठेवून घेतली नाही. (हसणे.) सोमवार शेवटचा. (त्यांच्या डोळ्यांत पाहणे.) तेव्हा आज शब्द द्या. (पाणी.)

दुपारी साडेबारा

गिरधरभाऊ आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि कंबरेत असा बाक, जणू जिना चढता चढता जिना संपला पण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

"या व्याहीबुवा, या! सदरा वर करा!"

"आं? आधी पानी तर पिऊ द्या!"

पाणी झालं. दोघं दिवाणावर शेजारी बसले, मधुकरराव डावीकडं, व्याही उजवीकडं. समोर स्टूल, स्टुलावर मशीन. डावी वायर मधुकररावांची, उजवी पाहुण्यांची. पाहुण्याला एकट्याला लावणं बरं दिसत नाही, आणि कंबर तर त्यांचीही दुखत होती.

पण गिरधरभाऊंच्या कंबरेवर चकत्या टिकेनात. घसरायच्या.

"सकाळीच आमच्या घरवालीनं, धुरपदानं, तेल चोळून दिलं," ते म्हणाले. "एक वाटी जिरवलं!"

हरतील ते मधुकरराव कसले! कारखान्यातलं कोरं कापड आणलं, हातभर रुंद पट्टी फाडली, चकत्यांवरून व्याह्यांच्या कंबरेभोवती आवळली आणि मागं गाठ मारली. विणकराची गाठ! तुटलेला धागा जोडायची, ओढाल तितकी घट्ट होणारी. मग तसाच पट्टा आपल्याही कंबरेला. पाहुण्याला बांधायचं आणि आपण मोकळं बसायचं, हे का शोभतं?

दोन्ही काटे तीनवर. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरलं.

इथून पुढं मधूनमधून आकडे येतील. कुणाच्या कंबरेत किती वीज चालली होती, ते तुम्हाला समजावं म्हणून. त्या दोघांना ते शेवटपर्यंत समजलं नाही.

मधुकरराव ३, गिरधरभाऊ ३

सुलभाबाई मावा जिलबीची ताटली घेऊन आल्या. स्टुलावर जागा नव्हती. त्यांनी मशीन उचललं, ताटली ठेवली, आणि मशीन पुन्हा तिच्या शेजारी ठेवून दिलं.

उलटं.

म्हणजे आता मधुकररावांच्या समोरचा काटा व्याह्यांचा आणि व्याह्यांच्या समोरचा मधुकररावांचा. आकडे उलटे दिसत होते, पण मधुकररावांचा चष्मा कपाटावर होता आणि गिरधरभाऊंचा निंबोल्याला.

"व्याहीबुवा," मधुकररावांनी घसा साफ केला. "मुलगी शिकली तर—"

"हां, ते निशाचंच मी म्हनत होतो—"

"आधी माझं पूर्ण होऊ द्या!"

गिरधरभाऊ मशीनकडं वळले. अंग विजेला सरावलं की ती कमी वाटू लागते. त्यांनी आपला समजून समोरचा काटा जरासा चढवला.

मधुकरराव ४, गिरधरभाऊ ३

मधुकररावांना जरा जास्त वाटलं. आता व्याह्यासमोर 'दुखतंय' म्हणायचं नसतं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी 'वा' म्हणायचं असतं. त्यांनी हसत हसत, कुणाला दिसणार नाही असा, आपला काटा खाली घेतला.

मधुकरराव ४, गिरधरभाऊ २

"कसं वाटतंय?" मधुकररावांनी विचारलं.

"छान! छान!" गिरधरभाऊ म्हणाले, कारण त्यांनाही व्याह्याच्या मशीनला नावं ठेवता येत नव्हती. आणि हळूच त्यांनी काटा वाढवला. चांगला दोन घरं.

मधुकरराव ६, गिरधरभाऊ २

मधुकररावांची पाठ आपोआप ताठ झाली. शाळेतल्या इन्स्पेक्टरसारखी! त्यांनी काटा आणखी खाली घेतला. काही फरक नाही. आणखी खाली. पलीकडं गिरधरभाऊंच्या मुंग्या पार झोपल्या.

"आम्ही मुलगी दिली," मधुकरराव दात आवळून म्हणाले, "तिची अक्कल काही... हंऽऽ... माहेरी ठेवली नाही!"

इथं हसायचं ठरलं होतं. हसणं आलं नाही. नाकपुड्या फुगल्या, एक भुवई वर गेली ती वरच राहिली. गिरधरभाऊ चपापले.

"व्याहीबुवा, रागावू नका हो."

"मी रागावलेलो नाही!"

हे त्यांच्या कारखान्यातल्या आवाजात निघालं. ताटली थरथरली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई कठड्याशी आली.

"मी काय म्हनतो, निशाची नोकरी—"

"मध्ये बोलू नका! सोमवार शेवटचा!" आता त्यांच्या डोळ्यांत पाहायचं होतं. मधुकररावांनी पाहिलं. आधी कंबर वळली, मग मान, मग डोळे, सगळं वेगवेगळं. गिरधरभाऊ दिवाणाच्या टोकाला सरकले आणि काहीतरी हातात असावं म्हणून त्यांनी काटा धरला. धरला आणि फिरवला.

मधुकरराव ८, गिरधरभाऊ ०

"शब्द द्याऽऽऽ!"

ती विनंती नव्हती. ती किंकाळी होती. त्याबरोबर मधुकरराव बसल्या जागी वीतभर उडाले, खाली आले, पुन्हा उडाले. एक जिलबी पंख्यापर्यंत जाऊन आली. सुलभाबाई लाटणं घेऊन धावत आल्या.

"अहो! मी म्हटलं होतं ना, बोलू नका म्हणून!"

"मी बोलत नाहीये! मशीन! मशीन बंद होत नाहीये! काटा शून्यावर आहे आणि... आईऽऽ गं!"

"सोडा तो पट्टा!"

सोडणार कसं? विणकराची गाठ! त्या ओढताहेत आणि ती आवळतेय. मधुकररावांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच हातगुणाची चीड आली. कसलं मशीन, कसली कंपनी! शून्यावर आठाएवढं मारतं, म्हणजे आठावर काय माणूस तापीपार फेकतं?

गिरधरभाऊंचा जीव कळवळला. माणूस शेतीतला, नादुरुस्त यंत्राजवळ गप्प बसवत नाही.

"व्याहीबुवा, आमच्या मोटरपंपाचं असंच व्हतं! अटकलं की एकदा पूर्ण वर न्यायचं. आपोआप सुटतं! न्या, पूर्ण वर न्या!"

मधुकररावांनी डोळे मिटले आणि समोरचा काटा एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवला.

मधुकरराव ८, गिरधरभाऊ ८

आता दोघंही उभे.

गिरधरभाऊ "धुरपदाऽऽ!" असं ओरडत दाराकडं निघाले, मधुकरराव स्वयंपाकघराकडं. मशीन मध्ये, हवेत, वायरींना लटकलेलं, या कंबरेकडून त्या कंबरेकडं! एक दारापर्यंत पोचला की दुसरा मागं खेचला जायचा. दुसऱ्यानं जोर केला की पहिला उलट्या पावलांनी घरात! अशा तीन फेऱ्या झाल्या. सुलभाबाईंनी लाटणं उगारलं, पण मारायचं कुणाला, मशीनला की नवऱ्याला, हे ठरेपर्यंत वायरी फटाफट निसटल्या आणि दोघं दोन दिशांना आपटले.

मधुकरराव ०, गिरधरभाऊ ०

बाहेर एक रिक्षा थांबल्याचा आवाज.

"बाबा, चलायचं ना?" असं सासऱ्यांना विचारत निशा आत आली आणि दारातच थबकली. एक बाप दिवाणाखाली, एक सासरा चपलांच्या ढिगात, दोघांच्या कंबरेला कोरं कापड. "ये क्या चल रहा है?"

मधुकररावांना जमिनीवरून तिचे पाय दिसले, मग बोटांना लागलेला खडू दिसला, मग गळ्यातलं निळ्या फितीचं कार्ड.

"हे गळ्यात काय आहे?"

"शाळेचं ओळखपत्र."

"शाळेचं? कधीपासून?"

"दहा दिवस झाले, पप्पा. सातवी ब माझ्याकडं आहे."

मधुकरराव कोपरावर उठले. "परवानगी कुणी दिली?"

"मागितली कुणी? मी बाबांना सांगितलं, बुधवारपासून शाळेत जाते आहे. बाबा म्हणाले, बस वेळेवर येत नाही, मोटरसायकलवर मी सोडतो."

"रोज सोडतो, रोज आणतो," चपलांमधून गिरधरभाऊ म्हणाले. "त्या रस्त्यानं तर माझी कंबर गेली! तेच सांगत होतो तुमाले, तुम्ही बोलूच नही दिलं!"

"मग फोनवर 'पाहू' कशाला म्हणत होतात?" मधुकररावांचा आवाज चिरकला.

"सूनबाईनं सांगितलं होतं तसं म्हना म्हनून."

"पप्पा, तुम्हाला 'हो' कळलं असतं, तरी ते पक्कं करायला, बाबांना समजवायला तुम्ही निंबोल्याला गेला असता," निशा म्हणाली. "आणि तुम्ही समजवलं असतं, तर ते नाही म्हणाले असते."

गिरधरभाऊंनी प्रामाणिकपणे मान हलवली. "हां, ते खरं. मले कोणी समजवाया लागलं की माझं डोस्कं फिरतं."

मधुकररावांनी सावकाश मान वळवून बायकोकडं पाहिलं. "तुलाही माहीत होतं?"

सुलभाबाई जिलबीचा तुकडा उचलत होत्या. "मी आज सकाळपासून तुम्हाला दुसरं काय सांगतेय?"

म्हणजे मुलीला माहीत, सासऱ्याला माहीत, आईला माहीत, सातवी बच्या चाळीस पोरांना माहीत! आणि ज्यानं तीन मसुदे लिहिले, तो बाप तेवढा अंधारात! मधुकररावांना इतका संताप आला, की कुठून सुरुवात करावी तेच सुचेना.

तेवढ्यात गिरधरभाऊ उठले. उभे राहिले. डावीकडं वळले, उजवीकडं वळले, दोनदा खाली वाकले.

"व्याहीबुवा! कंबर एकदम मोकळी! कमाल मशीन आहे हो! कुठून मागवलं?"

"चला भाऊ, पानं वाढली," सुलभाबाई म्हणाल्या. निशानं कात्री आणून दोघांचे पट्टे कापले. "पप्पा, उठा. जेवायला चला."

मधुकररावांनी उठायचं मनात आणलं. कंबरेनं स्पष्ट नकार दिला. डावी कूस नाही, उजवी कूस नाही, सरळ तर नाहीच. मशीन येण्याआधी कधी धरली नव्हती इतकी घट्ट धरली होती.

त्यांनी छताकडं पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "मी येणार नाही! मी रागावलो आहे! मला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही! मी इथंच पडून राहणार!"

"पप्पा, अब छोडो ना."

"नाही म्हणजे नाही! जा तुम्ही!"

ते गेले. आत ताटं सरकली, निशा हसली, गिरधरभाऊंनी दुसऱ्यांदा वांग्याची भाजी मागितली. फरशी गार होती. राग खरा होता, अगदी शंभर टक्के खरा. पण रागानं पडलेल्या माणसाला भूक लागत नाही, असं कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

पाच मिनिटं त्यांनी कळ काढली.

"सुलभा!" मग ते ओरडले. "रागावलेल्या माणसाला जागेवर ताट आणून द्यायची या घरात पद्धत आहे की नाही?"