एका ओळीत चौदा राजीनामे

"दहा मिनिटांचं काम आहे, बाई. तुमचा चहा व्हायच्या आत तुम्हाला एकही चूक दिसणार नाही," एकओळे एचआरच्या बाईंना म्हणाला, आणि दुसरी गोष्ट अगदी खरी ठरली. चूक कुणालाच दिसली नाही. दुपारी सव्वादोनपर्यंत.

एकओळे हे काही त्याचं आडनाव नव्हे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीत कॉम्प्युटरचं जे काही असेल ते तो एकटा बघायचा, आणि कुणी लिहिलेल्या पन्नास ओळी खोडून त्या जागी एकच ओळ टाकली की त्याला जेवण गोड लागायचं. म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं होतं. त्याला ते कौतुक वाटे. ऑफिसनेही त्याचा गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नव्हती.

काम असं होतं. रजा, प्रवासखर्च, ओळखपत्र, राजीनामा, असे सगळे अर्ज कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर भरायचे. साइट पायथॉनमध्ये लिहिलेली. तिच्या पोटात पत्त्यांची एक यादी: अमुक पत्त्यावर कुणी आलं तर त्याला तमुक ठिकाणी पाठव. प्रोग्रॅम ही यादी वरून खाली वाचतो आणि पहिला जुळणारा पत्ता सापडला की तिथेच थांबतो, खाली काय लिहिलंय ते बघायला जात नाही. या बाबतीत तो आणि एकओळे सख्खे भाऊ शोभले असते. गेल्या महिन्यात कुणीतरी त्यातल्या निम्म्या पत्त्यांची नावं बदलली. कुणीतरी म्हणजे एकओळेनेच. तेव्हापासून रजेचा अर्ज पाठवायला गेलं की 'पान सापडले नाही' अशी पाटी झळकायची, आणि लोक एचआरच्या बाईंच्या टेबलाशी येऊन जणू ते पान बाईंनीच लपवलंय अशा नजरेने बघायचे.

एकओळेने यादी उघडली. अर्जांच्या नऊ ओळी होत्या, प्रत्येक अर्जाला एक. "हे काय, किराणाची यादी?" असं स्वतःशीच म्हणत त्याने आठ ओळी खोडल्या. उरलेली नववी, सर्वांत तळाची, ती राजीनाम्याची. तीच उचलून त्याने यादीच्या डोक्यावर नेऊन बसवली आणि डावीकडे लिहिलं: पाठवलेला कुठलाही अर्ज. उजवीकडे तो अर्ज कुणाच्या ताब्यात द्यायचा ते लिहायचं असतं. तिथे आधीचंच राहिलं.

मग त्याने तपासणी केली. एकूण एक फॉर्म उघडून बघितला. सगळे उघडले, पाटी कुठेच नाही. 'पाठवा' हे बटण दाबून बघणं त्याच्या मते कारकुनी काम होतं.

पुढच्या आठवड्यात सुट्ट्या जोडून आल्या होत्या, त्यामुळे रजेचे अर्ज तुंबलेले. बाईंनी साइट सुरू झाल्याचं कळवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेरा जणांनी अर्ज टाकले. चौदावा खुद्द एकओळेचा. त्याला चार दिवस हवे होते. कारण 'कौटुंबिक' लिहिलं होतं, पण मनातला हिशेब निराळा होता. विभागप्रमुखाची जागा वर्षभर रिकामी होती, आणि आपण चार दिवस नसलो की ही कंपनी कशी गडगडते ते एकदा साहेबांना दिसावं, म्हणजे बढतीचं पत्र घेऊन ते स्वतः घरी येतील, असा त्याचा अंदाज होता.

आता साहेबांची पद्धत. जेवण झालं की ते खुर्चीत जरा सैल व्हायचे, मोबाइल काढायचे, 'प्रलंबित' या शब्दापुढचा आकडा बघायचे आणि 'सर्व मंजूर' दाबायचे. आकड्याच्या आत काय आहे ते बघणं म्हणजे हाताखालच्या माणसांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं मत होतं. त्या दिवशी आकडा चौदा होता.

सव्वादोनला चौदा मोबाइल वाजले. 'आपला राजीनामा स्वीकारण्यात आला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

पहिले उठले ते अकाउंटंट काका. बावीस वर्षांची नोकरी, आणि दाढेच्या कामासाठी मागितलेली एका दिवसाची रजा. ते थेट केबिनमध्ये गेले.

"मंजूर केलंत म्हणे," काका म्हणाले.

"केलं की," साहेब म्हणाले. काय केलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणायची सवय नव्हती.

"मी दाढेचं कारण दिलं होतं."

"बरोबर आहे. दाढेचं दुखणं वाईट. तुम्ही आता इथली काळजीच सोडा."

काकांनी खिशात हात घातला. "तिजोरीच्या चाव्या कुणाकडे देऊ?"

"ठेवा इथे टेबलावर. तुमचं काम कुणीही बघेल हो, त्यात काय आहे एवढं?"

काकांनी चाव्या ठेवल्या, नमस्कार केला आणि बाहेर येऊन टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. त्यातून एकोणीस पेनं निघाली. चालणारी दोन.

एकओळेने आपला मोबाइल अजून बघितला नव्हता. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, काका. कंपनी आता माणसं पारखून ठेवणार. जमाना बदललाय. ज्याच्यावाचून अडतं, तोच राहणार."

"तुझा फोनही वाजला मघाशी," काका म्हणाले.

एकओळेने पत्र तीनदा वाचलं. मग तो जागेवर जाऊन ताठ बसला. ठीक आहे. आता येतील विनवण्या करायला. येऊ देत. कुठल्या अटींवर परतायचं तेही त्याने ठरवून टाकलं. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. एक माणूस आला, तो टेबलावरचा स्टेपलर मागायला.

शेवटी एचआरच्या बाई आल्या.

"बाई, माझा निर्णय आता बदलणं अवघड आहे," एकओळे म्हणाला.

"तुमचा निर्णय राहू द्या. सकाळपासून रजेचा एकही अर्ज आलेला नाही आणि राजीनामे आलेत चौदा. तुम्ही नेमका कशाला हात लावलात?"

"राउटिंगला. म्हणजे त्या पत्त्यांच्या यादीला. पण ते तर मी—" एकओळेने यादी उघडली. पहिल्या ओळीची उजवी बाजू वाचली, तिथे 'राजीनामा' तसाच होता, आणि त्याचा चेहरा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ पडला.

"नऊ होत्या ना ओळी?" बाई म्हणाल्या.

"होत्या."

"त्या परत घाला, या वेळी बदललेल्या नावांनी. मोजून घाला. आणि मग 'पाठवा' दाबून बघा. नऊ वेळा."

यादी दुरुस्त झाली, पण स्वीकारलेला राजीनामा नुसता पुसता येत नव्हता. तो मागे घ्यायचा तर 'या कर्मचाऱ्याची आवश्यकता काय' हा रकाना भरावाच लागे, रिकामा सोडला तर साइट पुढे सरकत नसे. साहेबांनी ते काम बाईंवर सोपवलं. "सगळ्यांची आवश्यकता मला कुठे ठाऊक?" असं म्हणून ते मोकळे झाले.

बाई भराभर लिहीत गेल्या. काका: यांच्याशिवाय पगार होत नाहीत. गोदामवाला: कुठलं खोकं कुठे, हे यालाच ठाऊक. स्वागतकक्षातली ताई: गिऱ्हाइकांच्या शिव्या हसून ऐकते. साडेचारपर्यंत तेरा जण परत नोकरीत. चौदावा रकाना मोकळाच.

एकओळे पाणी प्यायच्या निमित्ताने बाईंच्या टेबलावरून चारदा गेला. बढतीचं पत्र, अटी, गडगडणारी कंपनी, सगळं एव्हाना विरघळलं होतं. घराचा हप्ता, मुलीची शाळा आणि बायकोचा चेहरा एवढंच उरलं होतं. पाचव्या फेरीला तो थांबला.

"बाई, माझं?"

"विचार करतेय हो. खोटं लिहायचं नाही ना."

सहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी लिहिलं. एकओळेने वाचलं, एकदम हलका झाला आणि त्या ओळीचा फोटो काढून घरी गेला.

"वाच," त्याने बायकोपुढे मोबाइल धरला. "कंपनीने लेखी दिलंय. माझ्यावाचून अडतं."

बायकोने मोठ्याने वाचलं: "यांनी काय कुठे करून ठेवलं आहे ते दुसऱ्या कुणालाही कळत नाही, म्हणून ठेवणे भाग आहे."

तिने मोबाइल परत दिला. "मीसुद्धा तुला याच कारणासाठी ठेवलंय," ती म्हणाली. "आता ऊठ आणि विम्याचे कागद कुठे ठेवलेस ते शोधून दे."