पुढचा कागद, मागचा कागद

सन २०२२. कागदाची किंमत तो काय सांगतो यावर नसते, तो किती लांबून आला यावर असते. हे तत्त्व जगात पहिल्यांदा कुठं सिद्ध झालं ते ठाऊक नाही; भोकरदन तालुक्यातल्या खडकपिंपरीत मात्र ते याच साली, ठरावानिशी मंजूर झालं.

झालं असं, की खडकपिंपरीच्या सार्वजनिक वाचनालयाला अमेरिकेतून एक जुनं वर्तमानपत्र भेट आलं. सन १७९६ चं, एकच पान. पाठवणारा भारत हा वाचनालयाचे अध्यक्ष साहेबराव यांचा मुलगा. (भारत अमेरिकेत असतो. गावात यावर आता कुणी हसत नाही.) तिकडं दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीची राजकीय वर्तमानपत्रं, निवडणुकीची पत्रकं, पुढाऱ्यांनी एकमेकांना छापून दिलेल्या शिव्या हे सगळं जमवणारे हौशी लोक असतात, आणि भारत त्यांच्यातला एक झाला होता. आपल्याकडे पुढाऱ्यांच्या शिव्या रोज ताज्या मिळतात, म्हणून शिळ्या जपायची पद्धत पडली नाही.

वाचनालयानं लगोलग ‘ऐतिहासिक दस्तऐवज जतन समिती’ नेमली. सदस्य तीन : साहेबराव, त्यांचे मेव्हणे, आणि इंग्रजीचे निवृत्त शिक्षक भागवत सर. सरांनी पानाची झेरॉक्स काढून ती तीन दिवस लाल पेनानं तपासली आणि अहवाल दिला, की मजकुरात शुद्धलेखनाच्या एकशे त्रेसष्ट चुका आहेत. जिथं ‘स’ पाहिजे तिथं ‘फ’ छापलाय. ‘काँग्रेस’ हा साधा शब्दसुद्धा ‘काँग्रेफ्स’. (हे ऐकून गावातले दोन कार्यकर्ते निवेदन द्यायला निघाले होते.) सरांनी पानाला पस्तीस गुण देऊन वर ढकलायची शिफारस केली. मग भारतनं फोनवर समजावलं, की तो ‘फ’ नव्हे. त्या काळी ‘स’ तसाच लिहीत. सरांनी अहवाल फिरवला. चुका होत्या तेवढ्याच ठेवल्या, फक्त ‘चुका’ खोडून तिथं ‘वैशिष्ट्ये’ लिहिलं.

इथवर उषाबाईंचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. उषाबाई म्हणजे साहेबरावांच्या चुलत आत्या. वय ऐंशी, डोळे शाबूत. रोज दुपारी वाचनालयात येऊन आलेलं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून निविदा-सूचनांपर्यंत वाचणाऱ्या गावातल्या त्या एकट्याच. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात अमेरिकेच्या कागदाचं अनावरण होणार, हे त्यांनी फळ्यावर वाचलं, घरी गेल्या आणि लुगड्यांच्या पेटीच्या तळातून आपलाही एक कागद घेऊन आल्या.

तो त्यांच्या वडिलांनी, पुंजाराम यांनी लिहिलेला होता. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत. पुंजारामांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं, मराठी कसंबसं. तरी १९४७ साली त्यांनी मराठीत हातानं चाळीस पत्रकं लिहिली, त्यांत साखरफुटाण्यांच्या पुड्या बांधल्या, आणि राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत प्रसाद म्हणून वाटल्या. लोकांनी फुटाणे खाल्ले आणि पुडी उलगडून वाचली. पोलिसानं आधी नुसतेच फुटाणे खाल्ले. वाचायला त्याला दोन दिवस लागले. पुढच्या चतुर्थीला पुंजाराम तुरुंगात होते. चाळिसावी पुडी पाच वर्षांच्या उषानं हट्ट करून ठेवून घेतलेली. फुटाणे संपले, कागद राहिला. त्यावर एवढंच होतं :

‘लेव्हीचं धान्य देवु नका. भीवु नका. वाचुन शेजार्याला द्या.’

(लेव्ही म्हणजे सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं नेत असे ते धान्य.) पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्या झाल्या तेव्हा पुंजारामांना पुरावा मागितला. ते म्हणाले, “फुटाणे वाटले म्हणून कुणी दाखला देतं का?” शाळेपुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगड बसला, त्यावर त्यांचं नाव आलं नाही. ते एकदा, निदान एकदा माईकवरून घेतलं जावं, आणि आपल्या देखत, एवढंच उषाबाईंना पाहिजे होतं. ऐंशीव्या वर्षी माणूस फार पुढच्या तारखा मागत नाही.

भागवत सरांनी पत्रक तपासलं. “आत्याबाई, तीन वाक्यांत चार चुका.”

“त्या अमेरिकेवाल्याच्या किती होत्या?”

“ती वैशिष्ट्यं आहेत.”

“मंग आमच्या दादांची बी वैशिष्ट्यंच धरा की, गुर्जी.”

“तसं न्हाई करता येत. हे मराठी आहे. हे लोकांना वाचता येतं.”

पण साहेबराव मनानं मऊ. आत्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. समितीनं मध्यम मार्ग काढला. ठराव क्रमांक तीन : ‘सदर पत्रकाचा चौकटीत समावेश करण्यात यावा, मात्र मागील बाजूस, आधार म्हणून.’

“आता फ्रेममधीच बसवून राह्यलो ना, आत्याबाई,” साहेबराव म्हणाले. “बिलकुल काळजी करू नका.”

“मागं बसवल्यावर मला दिसंल कसं?”

“दिसायचं काय त्यात? असतंय ना ते.”

“असाया तर ते पेटीत बी होतं, साहेबा.”

यावरही ठराव करता आला असता, पण दिवस थोडे होते. दोन्ही कागद राजूरला वसंताच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात गेले. वसंतानं जन्मभर देवांच्या तसबिरी केलेल्या. इतिहास त्याचा विषय नव्हे. साहेबरावांनी फोनवर बजावलं, “जुना कागद पुढं, दुसरा मागं. ध्यानात ठेव.” वसंतानं ध्यानात ठेवलं. दोन्ही उजेडात धरून पाहिले. अमेरिकेचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून सव्वादोनशे वर्षांनीही पांढरटच. पुंजारामांचा कागद पंच्याहत्तर वर्षांत हळदीसारखा पिवळा, घड्यांवर फाटलेला, एका कोपऱ्याला फुटाण्याचा डाग. कोणता जुना हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. वसंतानं मजकूर न वाचताच जुना पुढं बसवला, मागचा दिसू नये म्हणून भोवती पुठ्ठा लावला आणि खाली साहेबरावांनी दिलेली पितळी पट्टी ठोकली : ‘अमेरिका, सन १७९६.’

सतरा तारखेला पाहुण्यांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. चौकटीकडं पाठ करून फोटो झाले. मग पाहुणे बोलले. “किती दूरदृष्टी होती त्या लोकांकडं! हा कागद बोलतो, मित्रहो. फक्त ऐकणारा पाहिजे.” भाषण वीस मिनिटं चाललं.

भागवत सरांना ‘भीवु’ दुसऱ्याच मिनिटाला दिसला. ते साहेबरावांच्या कानाशी लागले. “उलटं बसवलंय हो. आत्याबाईंचा कागद पुढं आलाय.”

साहेबरावांनी पाहिलं, घाम पुसला. “गप ऱ्हा, सर. पाहुणे बोलून राह्यले.”

पाहुण्यांनी उतरताना पहिल्या रांगेतल्या म्हातारीला आपुलकीनं विचारलं, “काय आजी, दिसतंय ना बराबर?”

“बराबर दिसतंय,” उषाबाई म्हणाल्या. वडिलांचं नाव माईकवरून आलं नव्हतं, पण त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीही तो कागद दुसऱ्याच कशाच्या तरी नावानं वाटला गेला होता.

समितीची त्याच संध्याकाळी बैठक झाली. चूक मान्य केली तर पाहुण्यांचा अवमान, झाकली तर इतिहासाचा. इतिहास पुन्हा कार्यक्रमाला येणार नव्हता. दस्तऐवजाच्या सुरक्षेसाठी चौकट जमिनीपासून आठ फुटांवर लावायचं ठरलं. नोंदवहीप्रमाणे आजवर दोनशे बारा जणांनी ती पाहिली. फोटो काढणारे दोनशे अकरा, वाचणारी एक.

पुढं साहेबराव तालुक्याच्या वारसा समितीवर गेले. भागवत सर त्या भिंतीकडं पाठ करून बसतात. चार चुका काचेमागं असल्यानं लाल पेन पोचत नाही. वसंताला आणखी दोन गावांतून ‘अमेरिकेसारखी’ फ्रेम करायची ऑर्डर आली. भारत २०२४ च्या दिवाळीत आला, चौकटीखाली उभं राहून सेल्फी घेतली, “मस्त लावलंय” म्हणाला आणि परत गेला. अमेरिकेचं वर्तमानपत्र मागच्या अंधारात आहे, आणि असतंयच.

उषाबाई अडीच वर्षं रोज दुपारी बरोबर त्या चौकटीसमोर खुर्ची टाकून बसल्या, मान वर करून. मागच्या माघ महिन्यात गेल्या. खुर्ची आता कूलरजवळ असते.

वाचकांनी खडकपिंपरीला हसायला हरकत नाही. अमेरिकेच्या कागदाचं साल एव्हाना त्यांना पाठ झालंच असेल. फुटाण्यांच्या पुड्या बांधणाऱ्याचं नाव तेवढं, वर न बघता, सांगून मग हसावं.