उरुग्वे, व्हाया अल वकरा

रंगनाथरावांनी उरुग्वेला जायचा बेत असा आखला होता की त्यात चूक शिरायला फटच नव्हती. मुलाच्या आखातातल्या घरून, म्हणजे अल सद्दहून, विमानतळापर्यंत मेट्रो, तिथून ब्युनोस आयर्सला विमान आणि पुढे बोटीने मॉन्टेव्हिडिओ. तिथे त्यांच्या लेकीच्या, राणीच्या बाळाचं बारसं होतं आणि आजी-आजोबांवाचून पाळणा हलणार नव्हता.

मुलगा चेतन गाडीने सोडतो म्हणाला. रंगनाथराव निवृत्त ग्रंथपाल. एरवी दुकानदाराकडे पिशवी मागतानाही पुटपुटणारे. पण आज ठाम होते. "रेल्वे, विमान, जहाज. तिन्ही व्हायला हवीत." त्यांच्या पत्नी फुलाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा पोटाशी धरून निघाल्या.

मेट्रोत बसल्यावर त्यांनी बायकोला उरुग्वेकडची नदी किती रुंद, बोटीत कुठल्या बाजूला बसावं, हे समजावायला घेतलं. मध्येच कसलीशी घोषणा झाली, तेव्हा त्यांनी आवाज चढवून तिच्यावर मात केली. स्टेशनं येत गेली, विमानतळ काही येईना. कुणाला तरी विचारा, असं फुलाबाई दोनदा म्हणाल्या. पण अनोळखी माणसाला विचारण्यापेक्षा रंगनाथराव पोहत उरुग्वेला गेले असते.

अखेर गाडी थांबली आणि सगळा डबा रिकामा होऊ लागला. तेव्हा फुलाबाईंनीच समोरच्या बाईला गाठलं. ती रत्नागिरीची मुनीरा निघाली.

"काकी, विमानतळाचा फाटा मागे राहिला. हे अल वकरा. इथून पुढे समुद्रच."

फुलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे रेल्वे झाली. आता बोट का?"

मुनीराला न्यायला तिचा नवरा मुदस्सिर गाडी घेऊन आला होता. तो फक्त "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला आणि गाडी अशी हाणली की आपलं उड्डाण झालंच, असं रंगनाथरावांना वाटलं. विमानतळावर काउंटर बंद होता होता फुलाबाईंनी त्यावर लाडवांचा डबा ठेवला, म्हणून विमान मिळालं.

ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर दोन बोटी लागल्या होत्या. आपली कोणती, हे रंगनाथरावांना पक्कं ठाऊक होतं. ते तिच्या पायरीवर पाय ठेवतात तोवर फुलाबाई एका खलाशाला स्वच्छ मराठीत विचारत होत्या, "दादा, मॉन्टेव्हिडिओ हीच ना?" त्याने हसून दुसऱ्या बोटीकडे हात केला.

बारशाला राणीने विचारलं, "बाबा, प्रवास कसा झाला?"

"अगदी ठरवल्यासारखा."

बाळाला आत्या नव्हती, म्हणून नाव सांगायचा मान आजीचा. फुलाबाई पाळण्यात वाकल्या आणि नावाच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, बाळाच्या कानात म्हणाल्या, "रस्ता विचारत जा हो, सोन्या."