मातुश्रींची छबी टिपावयाच्या मोहिमेची बखर

श्री. आदौ सूर्यनारायणास वंदन, ज्याचे उजेडाविना राजाची असो वा रंकाची, कोणाचीच छबी उमटत नाही. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु त्या साली एका राज्यात जे घडले ते बहुत गोड घडले, म्हणोन लिहून ठेवितो. राज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. तिसरे मजल्यावर दोन दालने, एक मुदपाकखाना आणि पूर्वेस गॅलरी, इतका मुलूख. तेथे श्रीमंत जयवंतराव राज्य करीत, निदान त्यांस तैसे वाटत असे. कारण कारभार त्यांच्या पत्नी सौभाग्यवती मृणालबाईसाहेबांचे हाती होता, आणि कारभारावर नजर मातुश्री कुमुदिनीबाईसाहेबांची होती. कन्या ओवी, तिची शाळा उन्हाळ्यामुळे बंद जाहली आणि तिने समुद्र पाहावयाचा हट्ट धरिला, तेव्हा सर्वांनी समुद्रतीरी स्वारी करावी ऐसे ठरले. मग जयवंतरावांनी दरबारात, म्हणजे जेवणाचे टेबलाशी, बोलणे काढिले की, स्वारीस नवा कॅमेरा पाहिजे. मृणालबाई म्हणाल्या, "मोबाइल आहेत की. त्यात काय वाईट येतात फोटो?" जयवंतराव म्हणाले, "त्यात ती मजा नाही." यापरते उत्तर त्यांस सुचले नाही, कारण खरे कारण मुखावाटे निघत नव्हते.

खरे कारण ऐसे. जयवंतरावांचे तीर्थरूप कैलासवासी मनोहरराव हे छबीचे मोठे शौकी. लग्न असो, मुंज असो, सहल असो, गळ्यात कॅमेरा असावयाचाच, आणि सर्वांस ओळीने उभे करून "हनुवटी वर, आता हसा" ऐसा हुकूम करावयाचा, आणि आपण कॅमेऱ्यामागे. मग ते कैलासवासी जाहले आणि घरचे भिंतीवर लावावयास त्यांची छबी शोधू लागले, तो घरात अल्बम भरभरून, पण मनोहरराव कोठेच नाहीत. अखेर कचेरीचे ओळखपत्रावरील छबी मोठी करवून लाविली, आणि त्यात मुद्रा ऐसी की कोणी दटावून खुर्चीवर बसविले असावे. जयवंतराव तिजखालून जाताना मान खाली घालीत. आणि मातुश्रींचीही तीच तऱ्हा. समोर कोणी कॅमेरा धरिला की "माझा कशाला" म्हणोन पदर तोंडावर, अथवा डोळे मिटलेले, अथवा ऐन समयी दूध उतू जाते म्हणोन मुदपाकखान्याकडे प्रयाण. तेव्हा जयवंतरावांनी मनाशी निश्चय केला की, बाबांचे जे जाहले ते आईचे होऊ द्यावयाचे नाही. या स्वारीत तिची एक तरी खरी, हसरी छबी घ्यावी. परंतु हे आईस कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणोन मसलत गुप्त राखिली.

मग जयवंतरावांनी कॅमेऱ्यांचा अभ्यास आरंभिला. धन्य त्यांची चिकाटी. जेवताना व्हिडिओ, दाढी करिताना व्हिडिओ, आणि चहात साखर समजोन मीठ घातले तरी चव कळली नाही इतके चित्त एकाग्र. मग एके रविवारी पेठेत नंदकिशोरशेट यांचे दुकानी खासा स्वारी गेली आणि समवेत मृणालबाई, ओवी, आणि घरात मोठी वस्तू येते म्हणोन मातुश्रीही. शेट गोड बोलणारे. त्यांनी चहा मागविला आणि काचेवर कॅमेरे मांडिले आणि पुसिले, "साहेब, फोटो कशाचे काढणार? डोंगर, पक्षी, माणसं?"

"माणसं."

"जवळून की लांबून?"

जयवंतरावांनी मातुश्रींकडे चोरून पाहिले आणि आवाज उतरवून बोलिले, "लांबूनच बरं. त्यांना कळता कामा नये. आणि असा यायला हवा, की पुढे मोठा करून भिंतीवर लावता येईल."

मातुश्री त्या समयी ओवीचे केस बांधीत होत्या, त्यांचा हात तेथेच थांबला. हे जयवंतरावांनी पाहिले नाही, कारण शेटनी हातभर लांब लेन्स काढून त्यांचे हाती दिली होती. रस्त्यापलीकडील रसवंतीवाल्याचे मिशीतील पांढरा केस तीतून दिसला आणि जयवंतराव तेथेच वश जाहले. मग शेटनी एक चिमुकली लेन्स पुढे केली आणि म्हणाले, "ही पण बघा. ही झूम होत नाही. माणूस मोठा हवा असेल तर आपणच दोन पावलं पुढे जायचं." जयवंतरावांनी नाक मुरडिले. परंतु मृणालबाई म्हणाल्या, "ती पण घ्या. तो तोफखाना गळ्यात अडकवून ओवीच्या मागे कोण धावणार?" कारभाऱ्यांचा शब्द कोण मोडितो? मग कॅमेरा आणि दोन्ही लेन्सा घेऊन स्वारी माघारी आली.

आता त्या घराण्याची रीत ऐसी की नवी वस्तू आली म्हणजे तीस हळदकुंकू लाविल्याविना हात लावावयाचा नाही. फ्रिजास लाविले, मिक्सरास लाविले, स्कूटरचे तर कपाळ भरून लाविले. त्याप्रमाणे मातुश्रींनी पाट मांडिला, त्यावर कॅमेरा आणि दोन्ही लेन्सा ठेविल्या आणि निरांजन ओवाळिले. जयवंतरावांनी मोठे लेन्सेचे झाकण दर्शनार्थ काढिले होते. मातुश्रींनी बोट पाण्यात भिजवून प्रथम हळद आणि मग कुंकू, थेट तिचे काचेवर, मधोमध लाविले आणि वर अक्षता दाबल्या. जयवंतराव "आई, थांब" म्हणेतो काम जाहले होते. त्यांनी घाबरून रुमाल घेऊन पुसले, तो हळद सर्व काचेवर पसरली, आणि तीतून पाहता अवघे राज्य कावीळ जाहल्यासारखे दिसू लागले. शेटना फोन केला. शेट बोलिले, "आणखी पुसू नका, चरे पडतील. माझ्याकडे द्या, पण आठवडा लागेल." स्वारी तर दुसरे दिवशी निघावयाची. तेव्हा मोठी लेन्स कपाटात ठेवून चिमुकलीवर मोहीम करणे प्राप्त जाहले. मातुश्री म्हणाल्या, "नव्या वस्तूला कुंकू लावायचं असतं." त्यांची मुद्रा शांत होती, आणि बखरकारास यापरते ठाऊक नाही.

मग समुद्रतीरी मुक्काम पडला. ओवी लाटांत, मृणालबाई छत्रीखाली, आणि जयवंतराव चिमुकली लेन्स घेऊन मातुश्रींचे मागावर. परंतु ती लेन्स लांबून काही देईना. लांबून टिपिले तर मातुश्री वाळूत ठिपका, आणि जवळ जावे तर त्यांस तत्काळ कळे आणि पदर तोंडावर जाई. नारळाचे आडून प्रयत्न केला, होडीचे आडून केला. एकदा तर लाटेस पाठ करून उभे राहिले आणि कमरेइतके भिजले, तरी कॅमेरा डोईवर धरून कोरडा राखिला. शाबास त्यांची. परंतु छबी हाती नाही आणि स्वारी माघारी फिरावयाचा दिवस आला, त्यामुळे जयवंतराव मनातून फार खचले.

त्या सकाळी मातुश्री मुक्कामाचे ओसरीवर ओवीसाठी ताडगोळे सोलीत बसल्या होत्या. दोन्ही हात रसात भिजलेले, पदर धरावयास एकही मोकळा नाही. जयवंतरावांनी हे हेरिले आणि हळूच पायरी चढले आणि दोन पावले पुढे जाऊन कॅमेरा डोळ्यास लाविला.

मातुश्री मान वर न करिता म्हणाल्या, "हात गुंतलेत म्हणून आलास ना? काढ. भिंतीवर लावायचा आहे ना माझा फोटो. दुकानात ऐकलं मी."

जयवंतरावांचे हात खाली आले. म्हणाले, "तसं नव्हतं गं, आई." आणि मग म्हणाले, "तसंच होतं. बाबांच्या वेळी किती शोधलं. एकसुद्धा मिळाला नाही."

"मला काय सांगतोस? भिंतीवरचा तो माणूस माझ्या ओळखीचा नाही. रोज फूल वाहते आणि दुसरीकडे बघते." मातुश्रींनी ताडगोळा ताटात ठेविला. "मी म्हणायची त्यांना, तुम्ही या पुढे, मी दाबते बटण. तर म्हणायचे, तुला नाही जमायचं. आणि तू तरी काय वेगळा आहेस? ओवीच्या बारशापासून सगळे फोटो आठव. तू आहेस एकात तरी?"

जयवंतरावांनी आठवू पाहिले आणि त्यांस एकही आठवेना. आपण आईची चिंता वाहत आलो आणि आपली गत बाबांसारखीच होत चालली आहे, हे त्यांचे ध्यानी आजवर आले नव्हते, आणि ते येताच त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"आण तो इकडे," मातुश्री म्हणाल्या आणि हात पदरास पुसून कॅमेरा घेतला.

जयवंतराव मागे सरले आणि तोंडावर हात धरून म्हणाले, "माझा कशाला?"

"गप उभा राहा. हात खाली घे." मग मातुश्री उठल्या, दोन पावले पुढे आल्या, एक डोळा मिटला आणि बटण दाबिले. छबी तिरपी आली, एक कान कापला गेला आणि कोपऱ्यात मातुश्रींचे बोट आले. परंतु त्यात जयवंतराव रडत आहेत आणि हसतही आहेत, आणि हुबेहूब बापासारखे दिसतात. मातुश्री ती बराच वेळ पाहत राहिल्या. मग कॅमेरा परत देऊन म्हणाल्या, "घे, आता माझा काढ," आणि पदरास हात न लाविता लेकाकडे सरळ पाहून हसल्या, आणि जयवंतरावांनी ती छबी घेतली.

स्वारी माघारी आली आणि दोन्ही छब्या मोठ्या करवून आणविल्या. जयवंतरावांनी आपली भिंतीस लाविली आणि मातुश्रींची कागदात गुंडाळून कपाटात ठेवू लागले, तो मातुश्री म्हणाल्या, "कपाटात कशाला? भिंतीसाठीच काढलास ना? मग मी आहे तोवर लाव. मलाही बघू दे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मोठी लेन्स साफ होऊन आली, तिचे कडेस हळद अद्याप आहे. मातुश्रींची छबी मुदपाकखान्याचे दारालगत आहे, तीस हार नाही, आणि मातुश्री जाता-येता तीपुढे थांबून पदर सारखा करितात. जैसे कळले तैसे लिहिले. या घरावर उजेड राहो.