प्रलयोत्तर ट्रॅक्टरासाठी शस्त्रनिवड

प्रलय सांगून येत नाही, त्यामुळे त्याची तयारी उपसमिती नेमूनच करावी लागते. ही दूरदृष्टी कोरेगाव तालुक्यात यंदा फक्त आमच्या वाडीच्या गणेश मंडळानं दाखवली. बाकीची मंडळं विसर्जन मिरवणुकीतल्या जिवंत देखाव्यात दरवर्षीचाच किल्ला पुन्हा जिंकत असताना आम्ही 'जग बुडाल्यावरची पंचवीस वर्षं' हा विषय घेतला. संहिता शाळेतल्या राजेश्वरीबाईंची. तीत सरकार नाही, वीज नाही, पेट्रोल नाही (ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, अशी नोंद घेण्यात आली). खवळलेल्या गर्दीतून एका आजारी बाईला ट्रॅक्टरवरून दवाखान्यात न्यायचंय. दवाखाना तेवढा का वाचला, हे बाईंनी सांगितलेलं नाही. ट्रॅक्टरवर शस्त्र कुठलं बसवायचं, एवढंच ठरायचं होतं.

उपसमितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार मानसिंग, तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं. सदस्य वेल्डिंगवाला धवल. चिटणीस मी. वाडीत उंबरे दोनशे बारा आणि माजी सैनिक एकशे एकतीस, त्यामुळे शस्त्राबद्दल मतंही एकशे एकतीस आली आणि त्यातली दोनसुद्धा जुळली नाहीत.

आजारी बाईचं काम सुभेदारांच्या पत्नी अंबूबाईंना दिलं. त्यांना अभिनय करायची गरज नव्हती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की छातीत पुन्हा कळ आली तर तासाच्या आत इथं पोचायचं. सुभेदारांनी रस्ता मोजला होता. सव्वीस किलोमीटर, पण मधे कोरेगाव, आणि कोरेगावात माणसं. म्हणून देखाव्यातली गर्दी ते जरा जास्तच मनावर घेत. "ह्ये नाटक न्हाई, सराव हाय," असं ते प्रत्येक बैठकीत म्हणत आणि मी ते प्रत्येक वेळी इतिवृत्तात लिहीत असे.

ऋषिराज नावाच्या उत्साही कार्यकर्त्यानं गोफणीतून शिराळ्याचे नाग फेकायची सूचना केली. वनखात्याची परवानगी मिळणार नाही, असं मी म्हणालो. जग बुडालंय तर वनखातं कुठलं, असं त्यानं विचारलं. वनखातं राहणारच, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. उपसमितीच्या कारकिर्दीतलं हे पहिलं एकमत.

मग बाजाराच्या दिवशी कोरेगावात रीतसर चाचण्या घेतल्या. तासगावच्या पाहुण्यांकडून द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर आणला होता. तो साधं पाणी भरून सोडला. उकाडा मरणाचा होता, लोक तोंड धुवायला पुढं आले आणि गर्दी अठरा टक्क्यांनी वाढली. नंतर सांडपाण्याच्या पाइपची तोफ उभी केली. बोअरची गाडी समजून तिघांनी आमचा नंबर घेतला, चौथ्यानं पाणी किती फुटांवर लागेल ते विचारलं. सुभेदारांचं तोंड बघवेना.

परत निघताना मात्र नवल झालं. तोफ हलू नये म्हणून धवलनं भंगारातला एक लाल पत्रा ट्रॅक्टरच्या पुढं ठोकला होता. त्यावर पांढऱ्या अक्षरात 'अध्यक्ष' लिहिलेलं. कशाचे, ती ओळ गंजून गेलेली. तो पत्रा दिसला आणि बाजार दुभंगला. साडेतीनशे मीटर, पन्नास सेकंद. भाजीवाल्यांनी टोपल्या ओढल्या, एका गृहस्थांनी आपल्याच सासऱ्याला बाजूला ढकललं आणि कुणीतरी ट्रॉलीत मुलाच्या बदलीचा अर्ज टाकला.

राजेश्वरीबाईंनी हरकत घेतली. "जग बुडालंय, सुभेदार. अध्यक्ष कशाचा?"

"त्ये कुणी इचारलं का, बाई?"

शस्त्र मंजूर झालं. दारूगोळा लागत नाही, नेम धरावा लागत नाही, देखभाल म्हणजे ओलं फडकं. सुभेदार मात्र उठताना म्हणाले, "अठ्ठावीस वर्सं तोफा ओढल्या गड्या. पत्र्यानं हरवलं." त्या माणसाला फार लागलं होतं ते.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी अकराला अंबूबाईंना कळ आली. नाटकातली नव्हे.

रुग्णवाहिका सहा मिनिटांत आली. याहून चोख सेवा मी पाहिली नाही. आठ मिनिटांत ती कोरेगावात पोचली आणि तिथं सतरा मिनिटं उभी राहिली. सायरन चालू, दिवा चालू. लोकांनी सहकार्य केलं, म्हणजे आत कोण आहे ते वाकून वाकून पाहिलं. दोघांनी मोबाइलवर चित्रण केलं. सुभेदार खाली उतरून हात जोडत फिरत होते. "आवं, मालकीण हाय माजी आत. जरा सरका." एकानं समजुतीनं सांगितलं, "तात्या, आमालाबी जायाचंच हाय की."

धवल आणि मी ट्रॅक्टर घेऊन मागून पोचलो. (आम्हाला अर्थातच रस्ता मिळाला.) सुभेदारांनी पत्रा उपसून काढला आणि रुग्णवाहिकेच्या तोंडावर तारेनं बांधला. तार बोटात घुसली, रक्त आलं. चाळीस सेकंदांत रस्ता मोकळा. सत्तावन्नाव्या मिनिटाला अंबूबाई साताऱ्यात टेबलावर होत्या.

वाचल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "आवं, शिस्टर म्हनत्यात अध्यक्षांची बायकू. कशाचं अध्यक्ष झालाय तुमी?" सुभेदार उठले. बाहेरच्या बाकावर बसून ते पोरासारखे रडले.

देखावा रद्द झाला. उपसमितीचा अहवाल मात्र मंजूर आहे आणि शेवटच्या कलमात आपले आभार आहेत. होय, आपले. आपणही होता त्या रस्त्यावर. पत्रा दिसताच आपण गाडी थेट गटारात घातलीत, पुढच्यालाही दटावलंत, हे आम्ही विसरणार नाही. त्याआधी सतरा मिनिटं सायरन आपल्या मागंच वाजत होता, तेव्हा आपण काच वर घेतली होती.