रघुवीररावांच्या पायाशी मुरी

"मेलेली नाही, जिवंत! बाटलीतली नाही, नदीतली! तिच्या घरात जाऊन फोटो काढणार मी मुरीचा!"

महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या विनोदिनीबाईंनी हे पुण्याच्या चर्चासत्रात भर सभेत सांगून टाकलं होतं. मुरी म्हणजे बोटभर लांबीचा, मिशीवाला, नदीच्या तळाशी दगडाखाली दडणारा मासा. पावलाची चाहूल लागली की वाळूत अशी शिरते, की जणू जन्मलीच नव्हती! "नदीतल्या मुरीचा चांगला फोटो मी तरी पाहिलेला नाही," असं एक जाडजूड प्राध्यापक म्हणाले आणि शेजारच्याकडे बघून हसले. बाईंना ते हसू खड्यासारखं टोचलं.

म्हणून सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, बाई नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून पोलादपूरच्या पुढे निघाल्या. मांडीवर माशांची रिकामी काचेची पेटी, गळ्यात भावाचा मागून आणलेला कॅमेरा. पेटी पाण्यात अर्धी बुडवायची, कॅमेरा आत धरायचा आणि काचेतून फोटो! मंगळसूत्र काचेवर वाजायला नको, म्हणून ते घरीच डब्यात काढून ठेवलेलं.

घाटाच्या पायथ्याशी सावित्री नदी गुडघाभर आणि आरशासारखी स्वच्छ होती. वरच्या अंगाला एक वाडी. बँकेत नोकरीला असलेले रघुवीरराव बायकोला तिथे उतरवून म्हणाले, "मागचं चाक बसलंय. पोलादपूरला पंक्चर काढून येतो. तू बुडू नकोस."

"अहो, गुडघाभर पाण्यात कोण बुडतं?"

बाई सलवार-कमीजवर पाण्यात पालथ्या पडल्या. पाणी असं गार, की दात टाइपरायटरसारखे वाजायला लागले. पण बाई हटल्या नाहीत! बराच वेळ गेला. रोल संपत आला. निम्म्या फोटोंत नुसते दगड, निम्म्यांत मुरीची पळती शेपटी. आणि मग, अगदी नाकासमोर, एक मुरी दगडाखालून बाहेर आली. मिशा हलवल्या. बाईंनी श्वास रोखला.

"काय हारावलाय गो बाय?"

धुणं घेऊन आलेली वाडीतली आवडी काठावर उभी होती. मुरी गडप!

"गेली!" बाई कळवळून ओरडल्या. "आत्ता होती हो! इथ्थेच होती! वाळूत शिरली!"

"कंची?"

"पिवळी हो! सोन्यासारखी पिवळी, मध्ये मध्ये काळी!"

आवडीने बाईंच्या गळ्याकडे पाहिलं. गळा रिकामा, मंगळसूत्र नाही! तिच्या हातातलं धुणं खाली पडलं.

"प्रयागबाय! गो प्रयागबाय! धावा! पोत गेली बायची! सोन्याची पोत वाळूत गेली!"

पुढचं सगळं घाटातून धोंडा सुटावा तसं झालं. वाडीतली म्हातारी प्रयागबाई आली, तिच्या मागून सुना आल्या, सुनांच्या मागून मुंबईहून सुट्टीवर आलेले त्यांचे नवरे आले. शेजारचा महिपत घमेलं आणि वाळूची चाळण घेऊन थेट पाण्यात उतरला. सगळी वाडी सावित्रीत!

"अहो, बाहेर व्हा! तुडवू नका! माझी मुरी आहे तिथे! मुरी!"

"मुरणी?" प्रयागबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "आगो आवडे, हिची नाकातली मुरणी पण गेली! बघ, नाक पण उघडाच हाय!"

"टेन्शन नाय लेनेका, मॅडम!" एक मुंबईकर शर्ट काढत म्हणाला. "पूरा नदी छानके निकालेंगे!"

दगड उलटे झाले, वाळू उपसली गेली, पाण्याचा चहा झाला. बाई मधोमध उभ्या राहून हात जोडत होत्या, विनवत होत्या, आणि शेवटी त्यांना खरोखरच रडू फुटलं. ते पाहून वाडी दुप्पट जोराने कामाला लागली.

एवढ्यात रघुवीरराव परतले. प्रयागबाईने त्यांना काठावरच गाठलं. "दादा, बायकोला वरडू नको हां. पोत गेली तर गेली. तू धडधाकट हायस, त्यातच सगळा आला."

रघुवीररावांना डब्याची काहीच कल्पना नव्हती. ते पँट दुमडून, चपला भिरकावून पाण्यात शिरले. "विनू, रडू नकोस! सापडेल!"

"अहो, मंगळसूत्र घरी आहे! डब्यात!"

"मग इथे काय हरवलं?"

"मासा!"

महिपतची चाळण हवेतच थांबली. "मासा?" तो हळूच म्हणाला. "आमी सकाळधरना माशापायी गारठतोय?"

"बोटाएवढा," बाईंनी मान खाली घालून सांगितलं. "फोटोसाठी."

आधी प्रयागबाई हसली. मग सुना हसल्या. महिपत मात्र घमेलं उचलून निघालाच होता, तोच रघुवीरराव किंचाळले, "विनू! माझ्या पायाला काहीतरी चावतंय!"

"कोणीही हलू नका!!"

बाईंचा आवाज असा काही निघाला, की वाडी जागच्या जागी गोठली. उपसलेल्या वाळूतून किडे वर आले होते आणि ते खायला मुऱ्या स्वतःहून बाहेर पडल्या होत्या! गढूळ पाणी हळूहळू वाहून गेलं. प्रयागबाई कमरेत वाकलेली, मुंबईकर एका पायावर, महिपतच्या डोक्यावर घमेलं. सगळे देवळातल्या मूर्तींसारखे स्तब्ध! बाई पेटी घेऊन इंच इंच सरपटत नवऱ्याच्या पायाशी पोहोचल्या.

"गुदगुल्या होतायत गं!"

"होऊ देत!"

खट्! आणि रोल संपला.

फोटो आणायला बाई स्टुडिओत गेल्या, तेव्हा स्टुडिओवाला मुरारी अभिमानाने म्हणाला, "मॅडम, एकच फोटो धड आलाय. मोठा करून ठेवलाय. साहेबांचे पाय काय झकास आलेत! बाजूला एक मिशीवाला डाग होता, तो मी ब्रशने पार उडवला!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. निगेटिव्ह शाबूत आहे हे कळल्यावर मात्र तिथून हलल्या नाहीत. मुरारीकडून तो डाग मिशांसकट, ठिपक्यांसकट, भला मोठा करून घेतला, तेव्हाच उठल्या. फोटो पाहून पुण्याच्या त्या प्राध्यापकांनी "मुरी मान्य" एवढं दोनच शब्दांत कळवलं. बाईंना तेवढं पुष्कळ होतं.

तो फोटो आता कॉलेजात विभागाच्या दारासमोर लावलेला आहे. हाताएवढी पिवळीधमक मुरी, आणि तिच्या शेजारी कलिंगडाएवढा, भेगाळलेला, पाण्याने सुरकुतलेला रघुवीररावांचा अंगठा. दर वर्षी नवी मुलं येतात, फोटोसमोर उभी राहतात आणि थेट अंगठ्यावर बोट ठेवून विचारतात, "बाई, हा कुठला मासा?"